भावकीतली शैला

आमच्या घरात आडनावाचा उपयोग फारसा होत नसे. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये खलाशी होते आणि तिथे त्यांना साहेबापासून चहावाल्यापर्यंत सगळे 'जाधव' म्हणून हाक मारत. संध्याकाळी गावात पाय ठेवला की त्यांचा 'शंकऱ्या' व्हायचा. वरच्या आळीतलं शेंबडं पोरगंही "शंकऱ्या, आज गाडी लेट हाय का रं?" असं विचारायचं आणि दादा सायकल थांबवून गाडीचं सांगायचे. गाव औंढ्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गाव आता लय बदललंय असं तिथलेच लोक मला सांगतात, फक्त सांगताना इकडंतिकडं बघून घेतात. ओढ्याच्या वरच्या अंगाला गाव आणि ओढा ओलांडून खाली आमची पंधरा-वीस घरं. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा देव्हाऱ्यातले सगळे टाक एका फडक्यात बांधून इंद्रायणीत सोडून दिले होते. तेव्हापासून घरात देवाच्या जागी एक तसबीर, तिच्यापुढं मेणबत्ती आणि खाली कोपऱ्यात आईची तांदळाची कणगी.

माझ्या कानात त्या घराचे दोनच आवाज राहिलेत. एक घाटातला. मालगाडी वर चढवायला मागून लावलेली इंजिनं शिट्टी द्यायची, ती आमच्या ओसरीवर ऐकू यायची आणि दादा ताटावर बसले असले तरी मान वर करून "चढली" म्हणायचे. दुसरा आवाज आईच्या भाकरीचा. पहाटे चुलीपुढं ती तांदळाची भाकरी थापायची, आणि थापता थापता तव्यावर सुकट परतायची. लसूण, लाल मिरची, वरून जरासं तेल. त्या चटणीचा वास पोरांच्या दप्तरात, पाण्याच्या हंड्यापाशी, दादांच्या खाकी शर्टात, सगळीकडं असे. मी कॉलेजात डबा न्यायला लागले तेव्हा आई म्हणाली, "तितं शहरातल्या पोरी आसत्यात. चटनी देऊ का नगं?" मी म्हटलं, दे. मला दुसरं काही आवडतच नव्हतं.

त्या चटणीमुळेच शैला भेटली. पहिल्या वर्षाचा वर्ग नुकताच सुरू झाला होता, मधल्या सुट्टीत मी मागच्या बाकावर डबा उघडला, आणि लोणावळ्याच्या बाजारपेठेतल्या कापडवाल्यांची ही गोरी, ठसठशीत मुलगी नाक वर करून बाकं ओलांडत आली. "सुकट कुणी आणलीय गं? आमच्याकडं आज गुरुवार!" असं म्हणत तिनं भाकरीचा तुकडा मोडलाच. नाव विचारलं ते तोंडात घास असताना. मी म्हटलं, मंदा जाधव. ती घास तसाच धरून ओरडली, "जाधव? अगं मी पण जाधव! मग आपण भावकीच की!" भावकी म्हणजे एका कुळाचे लोक, एकमेकांच्या घरची पोर आपलीच पोर. मी काही बोलायच्या आत तिनं वर्गभर जाहीर केलं, "ही माझी बहीण आहे हं, कुणी त्रास द्यायचा नाही." दादांचा पगार मर्यादेच्या वर, म्हणून माझं नाव मागासवर्गीयांच्या शिष्यवृत्तीच्या फळ्यावर कधी लागलं नाही, त्यामुळं तिचं म्हणणं खोडून काढणारं कॉलेजात काही नव्हतं.

घरी येऊन सांगितलं. आई हसली, दादा हसले नाहीत. हात धुताना ते म्हणाले, "आपून हून काय सांगू नगं. पन कुनी इचारलं तर खोटं बोलू नगं. बास." मी तसंच वागले. पुढं लोकांनी मला बरंच काही ऐकवलं, तू लपवलंस असंही म्हणाले. मी काही लपवलं नाही. त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरजच वाटू नये इतकी मी त्यांना त्यांच्यासारखी दिसत होते, हे आजही त्यांच्या पचनी पडत नाही.

गौरींच्या हळदीकुंकवाला शैला मला ओढतच घरी घेऊन गेली. तिच्या आईनं, म्हणजे काकूंनी, माझ्या वेणीत गजरा माळला, पंगतीत शैलाच्या शेजारी बसवलं आणि पुरणपोळीवर तुपाची धार सोडता सोडता विचारलं, "तुमचं देवक कुठलं गं?" मला देवक म्हणजे काय हेसुद्धा नीट माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आईला विचारून सांगते." तेवढ्यात शैलाच म्हणाली, "काय विचारतेस आई! जाधव म्हणजे पंचपल्लवच असणार!" झालं, काकूंनी मान डोलावली आणि दुसरी पोळी वाढली. घरी आईला विचारलं तर ती भांडी घासता घासता म्हणाली, "देवक व्हय? सांग, आमचं तुज्या आज्यानं इंद्रायनीत सोडलं. आता समुद्रात गेलं आसंल." आम्ही मायलेकी पोट धरून हसलो. तिसऱ्या वर्षापर्यंत मी त्या घरात किती वेळा जेवले याला मोजदाद नाही. आणि शैला रोज माझा डबा खायची. बोटं चाटायची, झाकण पुसून खायची, "मावशींना सांग, आज मीठ जास्त पडलंय" अशी तक्रार करायची. आई ते ऐकून दुसऱ्या दिवशी मीठ खरंच कमी घालायची. "कवा आनतीस तिला?" हे तिचं पालुपद झालं होतं. आमच्या गावापर्यंतचा एसटीचा खडबडीत रस्ता सोसणार नाही असं शैलाला वाटे, म्हणून ती 'पुढच्या रविवारी' म्हणायची आणि रविवार जायचे.

तिसऱ्या वर्षी कॉलेजचं श्रमशिबिर आमच्याच गावात ठरलं. समाजशास्त्राचे सर शिबिराचे प्रमुख. खादीचा झब्बा, खांद्याला झोळी, बोलताना डोळे मिटून घ्यायची सवय. ओढ्यावर वरच्या अंगाला वाळूची पोती रचून बंधारा घालायचा, गावच्या शाळेत मुक्काम, आणि जेवण घराघरात, घरटी दोन-दोन मुलं वाटून. ही आमच्या भागातली जुनी रीत. पाहुणा शिजवून खात नाही, त्याला गाव खाऊ घालतं. मला बातमी कळली तेव्हा धास्तीही वाटली आणि आनंदही झाला. आता शैला येणार, आमच्या ओसरीवर मांडी घालून बसणार, मीठ जास्त म्हणणार. मला दुसरं काही नको होतं. आईनं त्याच दिवशी अंगण सारवायला काढलं आणि खुराड्यातली अंडी देणारी तलंग विकायची नाही असं बजावून ठेवलं, "शैला आली की कापू."

पहिल्याच दिवशी गावातले आबा शाळेच्या पटांगणात मुलं वाटायला बसले. आबा म्हणजे गावचे जुने जमीनदार, पाटीलकी गेली तरी शब्द त्यांचाच. फेटा मांडीवर, पानाचा डबा पुढ्यात, स्वभाव विनोदी. "ही दोगं म्हादबाकडं, ही दोगी आमच्या वाड्यावं," असं चाललं होतं. शैला उभी राहिली. हसऱ्या तोंडानं, अगदी लाडानं म्हणाली, "आबा, मला मंदाच्या घरी पाठवा ना. ती आमच्या भावकीतली आहे. आम्ही दोघी जाधव."

आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "कोन मंदा? शंकऱ्याची?" आणि मग ते खो खो हसले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता, एखादं लहान पोर काहीबाही बोललं तर म्हातारी माणसं हसतात तसं ते हसले. "अगं पोरी, आमच्या वरच्या आळीत जाधवाचं एक घर न्हाई. जाधव समदे खाली हैत, वड्याच्या पल्याड. ते बुद्दाचे. तुजी नि त्यांची भावकी कशी आसंल? तू आपली वाड्यावं ये, म्हातारी तुला साईचं दही घालंल." पटांगणात आधी कुणी हसलं नाही. मग मागून मुलांच्या घोळक्यातून एकजण हसला, आणि मग बरेच हसले. शैलाचं तोंड कानापर्यंत लाल झालं. ती माझ्याकडं बघेल म्हणून मी वाट पाहत होते. तिनं झोळीतून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि आबांना म्हणाली, "बरं. वाड्यावर जाते."

खालच्या घरांना त्या वाटपात कुणी धरलंच नव्हतं. मी शाळेतच मुक्कामाला होते, पण जेवायला माझ्या घरी जायचे, एकटी. आई रोज दारात उभी. "आली न्हाई?" मी सांगायचे, काम लय हाय, दमलीय, उद्या येईल. बंधाऱ्यावर पोती उचलताना शैला माझ्यापासून चार माणसं सोडून उभी राहायची. बोलायची, पण असं की जणू मी नुकतीच भेटलेली कुणी होते: "जरा सरकता का?" तीन वर्षं जी मला 'अगं बये' म्हणत होती ती मला अहोजाहो करू लागली. भांडण झालं असतं तर मी पुरून उरले असते. पण ती भांडली नाही, रागावली नाही, फक्त सभ्य झाली. मला त्या सभ्यतेची अजून चीड येते.

पटांगणातल्या प्रकाराची कुजबुज सरांच्या कानावर गेली आणि सरांचे डोळे मिटले. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ते म्हणाले, शेवटच्या दिवशीचं दुपारचं जेवण संपूर्ण शिबिरानं ओढ्यापलीकडच्या वस्तीत घ्यायचं. सहभोजन. आणि विद्यार्थ्यांच्या वतीनं कुमारी शैला जाधव दोन शब्द बोलतील, कारण या विषयाची झळ त्यांना प्रत्यक्ष लागली आहे. सर हे असंच म्हणाले. झळ तिला लागली होती.

सर घरी येऊन दादांशी बोलले. दादांनी ऐकून घेतलं, चहा पाजला. सर गेल्यावर आईला म्हणाले, "भित पाडायची म्हनत्यात. जातीची. पाडायची तर वरच्या आळीत जाऊन पाडा म्हनावं, आमची आदीच पडाया आलीया." पण आईला भिंतीचं काही नव्हतं. तिच्या डोक्यात एवढंच शिरलं की शैला येतेय. वस्तीतल्या बायांनी घरटी तांदूळ काढला, आंबेमोहोराचा, मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुली मांडल्या. आईनं ती तलंग कापली. शाकाहारी मुलांसाठी पावट्याची आमटी केली. आणि सगळं झाल्यावर, कुणाला दिसू न देता, एका वाटीत सुकटीची चटणी काढून मांडणीवर झाकून ठेवली. मीठ बेताचं घातलं होतं.

मुलं ओळीनं ओढा ओलांडून आली. त्या दिवशी शिबिरात उपास करणारे अचानक बरेच निघाले. कुणाची चतुर्थी, कुणाचं पोट बिघडलेलं, एकाला तर आदल्या रात्री आबांच्या वाड्यावरचं मटण बाधलं होतं. जे बसले ते पत्रावळीपुढं ताठ बसले. सर अंगणाच्या मध्ये उभे राहून बोलले, आज आपण नुसतं जेवायला आलो नाही, इतिहास घडवायला आलो आहोत. मग शैला उभी राहिली. आवाज तिचा पहिल्यापासून खणखणीत. ती म्हणाली, "मंदाची जात कळल्यावरही मी तिला मैत्रीणच मानते. तिच्या घरचं अन्न खायला मला अजिबात संकोच वाटत नाही." टाळ्या पडल्या. सरांनी तर डोळे पुसले. मी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तीन वर्षं ती माझ्या आईचं अन्न खात होती, माझ्या डब्याचं झाकण पुसत होती, आणि तिला संकोच वाटत नाही हे सांगायला तिला आज अंगण, पंगत आणि सर लागले. आई मागच्या अंगणात चुलीपुढं धुरात होती. तिच्या कानावर भाषण गेलं नाही, टाळ्या तेवढ्या गेल्या. तिनं मला खुणेनं विचारलं, कशाच्या? मी म्हटलं, काय न्हाई.

मग आई वाढायला आली. डोईवरचा पदर सारखा करत, प्रत्येक पत्रावळीपाशी वाकून, प्रत्येक मुलीच्या तोंडाकडं निरखून बघत. शैलानं सगळं खाल्लं. एक शीत टाकलं नाही. मधे न बोलता, औषध घेतल्यासारखं, घास घास करून. शेवटी उठून तिनं आईला नमस्कार केला आणि म्हणाली, "जेवण फार छान होतं." आईनं हात जोडले. मग मुलं आली तशी ओळीनं ओढा ओलांडून गेली.

पुढचं कॉलेजातलं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आणि गिळण्यासारखं जास्त आहे. गॅदरिंगला उत्कृष्ट स्वयंसेविकेचं बक्षीस शैलाला मिळालं. ती पुढच्या बाकावर बसायला लागली, आणि माझा डबा परत कधी तिनं उघडला नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू आलं-गेलं, काकूंचं बोलावणं आलं नाही. सायकल स्टँडपाशी आपल्यातली चार मुलं उभी असायची, त्यांच्यातला कुरवंड्याचा सिद्धार्थ एक दिवस मला म्हणाला, "त्यांनी हाकललं म्हनून आता आमच्यात आलीस व्हय?" मी म्हटलं, "मला कुणी हाकललं नाही रे. सहभोजन केलं माझं." तो हसला, पण त्यानंही मला सरकून जागा दिली नाही. ती द्यायला त्याला बरेच महिने लागले. मग मात्र त्यानं सख्ख्या भावासारखी साथ दिली, आणि आता तोही राहिला नाही. उरलेलं वर्ष मी डबा बहुतेक वेळा एकटीनंच खाल्ला.

आमच्या त्या बॅचचा आता मोबाइलवर ग्रुप आहे. फुलांची चित्रं, सुप्रभात, कुणाच्या नातवाचं बारसं. मागच्या पावसाळ्यात भुशीच्या बाजूला एका रिसॉर्टवर सगळे जमले होते, मीही गेले. माणूस जातो. शैला पुण्याहून आली होती. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालीय, केस पांढरे, आवाज तसाच खणखणीत. जेवताना कुणीतरी हल्लीच्या कॉलेजांचं काढलं, तिथं मुलं आता हातात धागे आणि गाडीवर झेंडे लावून आपापले गट करून बसतात, आडनाव पुरत नाही म्हणून पहिल्याच दिवशी सरळ विचारून घेतात. शैला म्हणाली, "आमच्या वेळी असं नव्हतं. मी तर तेव्हाच यांच्या घरी जेवले होते." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांनी कौतुकानं बघितलं. मी तिच्या घरी जेवले होते त्याची गोष्ट मात्र त्या टेबलावर कुणालाच माहीत नव्हती. मी ती सांगितली नाही. माझ्या जेवण्याला कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, तेव्हा ती गोष्ट कुणाला वाटणारच नाही. मी पानातला पापड मोडला आणि पावसाकडं बघत बसले.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. मुलं गेली, वस्तीतल्या बाया आपापली पातेली घेऊन गेल्या. दादा कामाची पाळी होती म्हणून शेडवर निघाले. मी उष्ट्या पत्रावळ्या गोळा करून म्हशीच्या गोठ्यामागं टाकल्या आणि आत आले. आई भिंतीला टेकून बसली होती, कपाळाला राख, पाय पसरलेले. तिचं अजून जेवण व्हायचं होतं. घाटात इंजिनाची शिट्टी झाली, पण 'चढली' म्हणायला घरात कुणी नव्हतं. आईनं मांडणीवरची वाटी काढून मांडीवर घेतली होती. झाकण तसंच होतं.

"समद्या पोरी बगितल्या मी," ती म्हणाली. "येकयेकीच्या पानापशी थांबले. बोटं कोन चाटतंय ते बगितलं. मीठ कसं झालंय, कुनी बोललं बी न्हाई. लय शानी पोरं व्हती, पर समदी पावनीच." मग तिनं वाटीवरचं झाकण उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. "मंदे, तुजी शैला आली न्हाई व्हय गं?"

मी तिच्याजवळ जाऊन बसले. वाटी तिच्या मांडीवरून घेतली, भाकरीचा तुकडा मोडला.

"न्हाई आई," मी म्हटलं. "न्हाई आली."